काटा काढून घेणे

मॅडम एका दिवसासाठी बहिणीकडे गेल्या, त्या फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावूनच. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. ‘दूध तापवणे. आईच्या गोळ्या. गाडीतला काटा आजच काढून घेणे, उद्या नऊला साहेब येणार.’ ‘आजच’च्या खाली दोन रेघा होत्या, आणि दुसरी रेघ कागद फाडून पुढे गेली होती.

ही चिठ्ठी ज्यांच्यासाठी होती त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि घड्याळं निघून जाण्यात अलीकडची दहा. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आणि फोनमध्ये वेळ. मागच्या महिन्यात दुकानाची पायरी दोघे जण चढले. एकाला मोबाइलच्या दुकानाचा पत्ता हवा होता. दुसऱ्याला पट्ट्याला भोक पाडून हवं होतं, आणि तो पट्टा कमरेचा होता.

घर चालत होतं ते मॅडमच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलवर. स्कूल म्हणजे एक गाडी आणि मॅडम. दर तीन वर्षांनी वाहन खात्याचे तपासणी साहेब येत, गाडी वर-खाली बघत, मॅडम कशा शिकवतात ते गाडीत बसून बघत आणि मग परवाना पुढे चालू होई. गाडीत एक जरी खोट निघाली तरी परवाना सहा महिने लटके. सहा महिने स्कूल बंद म्हणजे घरात कमावतं कोण, तर घड्याळजी. म्हणजे कोणी नाही. मोठ्यानं हे कुणी बोलत नसे, पण भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते घरात चालू असे.

गाडीच्या बाबतीत घड्याळजींना आजवर एकच हुकूम होता, “अहो, तुम्ही हात लावू नका.” त्यामुळे चिठ्ठी वाचल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. काटा! स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, थेट काटा! बायकोला अखेर नवऱ्याची आठवण आली होती, तीही बरोबर विषयाला धरून.

“आई,” ते सासूबाईंना म्हणाले, “हिनं मला गाडीच्या मीटरचा काटा काढायला सांगितलंय.”

सासूबाई टेबलाशी बसून पाव चहात बुडवत होत्या. वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी लेकीच्याच स्कूलमध्ये त्या गाडी शिकल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. घड्याळजी सहा वर्षांपूर्वी शिकायला बसले होते. अजून शिकत होते. त्यांचा शिकाऊ परवाना संपला की मॅडम नवा काढून देत, इतकंच.

“तुम्हाला सांगितलं?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे काय! काटा म्हणजे माझा विषय.”

“तिनं सांगितलं असेल तर काढा बाई. पण जावईबापू, काढलेला परत बसवायचा असतो, हे लक्षात असू दे.”

घड्याळजी गाडीत जाऊन बसले. मीटरचा काटा शून्यावर शांत पडला होता. त्यांनी काचेवर नखानं टिचकी मारली. काटा केसभर थरथरला. काचेवर टिचकी मारली की जगातला कुठलाही काटा थरथरतो. पण डॉक्टरला महिनाभर रोगी मिळाला नाही की त्याला सडसडीत माणूसही खंगलेला दिसतो. “आसावर अडकून बसलाय बिचारा,” घड्याळजी हळहळले आणि घरातून त्यांनी हत्यारांची पेटी आणली.

चार स्क्रू, मागची एक तार, की अख्खा मीटर हातात. जेवणाच्या टेबलावर त्यांनी स्वच्छ पांढरा कपडा अंथरला. एका डोळ्याला भिंग लावलं. वेगाचा काटा त्यांनी असा अलगद उचलला की काट्यालासुद्धा कळलं नसेल. मग हात लागलाच आहे तर म्हणून पेट्रोलचा काटा काढला, आणि तो एकटा पडू नये म्हणून इंजिनच्या उष्णतेचाही काढला. पुसले, फुंकर मारली, तेलाचा कणभर थेंब दिला आणि परत बसवले. हे सगळं करताना ते शीळ घालत होते. घरात ती शीळ कित्येक दिवसांत ऐकू आली नव्हती, त्यामुळे सासूबाई दोनदा कुकर बघून आल्या.

मीटर जागेवर गेला. गाडी फाटकाजवळ आणायची म्हणून सासूबाई चालकाच्या जागी बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला, किल्ली फिरवली आणि थांबल्या.

“चला की,” घड्याळजी शेजारून म्हणाले.

“कुठं चला? आधीच साठवर आहे.”

घड्याळजींनी वाकून बघितलं. गाडी जागच्या जागी उभी होती आणि काटा बरोब्बर वर, साठवर, ताठ उभा होता. पेट्रोलचा काटा मधोमध उभा. उष्णतेचाही मधोमध. तिन्ही काटे परेडला उभे राहावेत तसे.

“आपल्या गल्लीत वीसची पाटी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मी नाही बाई कायदा मोडणार. आणि पेट्रोल कधी भरलंत? सकाळी तर खडखडाट होता.”

“काही भरलं नाही.”

“पंपावर न जाता अर्धी टाकी! गुणी आहात हो.”

घड्याळजींनी काट्यांकडे बघितलं. दिसायला ते सुंदर दिसत होते. इतके सुंदर बसलेले काटे त्यांनी स्वतःही फार दिवसांत बघितले नव्हते, आणि नेमकं तेच त्यांना खटकलं. रविवार असूनही त्यांनी कोपऱ्यावरच्या मीटरवाल्याला फोन लावला. तो बाहेरगावी होता.

“मीटर उघडलाय, असं म्हणताय,” मीटरवाला म्हणाला. “कुठपर्यंत उघडला?”

“पूर्ण.”

“बरं. काटा परत बसवताना कुठं ठेवून बसवला?”

“कुठं म्हणजे? बारावर.”

“बारावर?”

“काटे नेहमी बारावर जुळवूनच दाबायचे असतात. पहिला धडाच आहे तो.”

“घड्याळजी,” मीटरवाला अगदी मऊ आवाजात म्हणाला, “गाडीच्या मीटरमध्ये बारा कुठं असतात?”

घड्याळजींनी मान वळवून गाडीकडे बघितलं.

“शून्याला एक बारीक खुंटी असते. काटा तिला टेकवून बसवायचा. तुम्ही बारावर बसवलात, म्हणजे आता बारा वाजलेच की! उद्या दुपारी आणा, बघतो.”

“साहेब सकाळी नऊला येणारेत.”

“मग माझा नमस्कार सांगा त्यांना,” असं म्हणून मीटरवाल्यानं फोन ठेवला.

मीटर पुन्हा टेबलावर आला. आता शीळ नव्हती. छोटे दोन काटे बिचारे समंजस निघाले. आपापल्या जागी गेले आणि गप्प बसले. मोठ्या काट्याची गोष्ट वेगळी होती. दोनदा उपटल्यामुळे त्याचं भोक सैल झालं होतं. शून्यावर ठेवावा तर तो झोपेत कूस बदलावी तसा फिरून ऐंशीवर जाई. घड्याळजींनी तो पाचदा ठेवला, पाचदा तो फिरला. शेवटी त्यांनी सुईच्या टोकावर झटपट चिकटणारा गोंद घेतला. थेंब इतका लहान होता की भिंगाशिवाय दिसला नसता. तो काट्याच्या भोकात गेला, तिथून खालच्या दांडीवर उतरला, दांडीवरून खालच्या कडीत गेला आणि तिथे त्यानं कायमचं घर केलं.

सासूबाईंनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. काटा शून्यावरून हलला नाही.

“सकाळी उभ्या उभ्या साठ होती,” सासूबाई किल्ली काढत म्हणाल्या, “आता पळताना शून्य. सरासरी तीस पडते. चालायला हरकत नाही.”

“आई, थट्टा नको. परवान्याचा प्रश्न आहे.”

“थट्टा कुठली? रडायला बसले तर माझ्या गोळ्या तुम्ही मला द्याल की स्वतःच घ्याल, हेच कळायचं नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम.

“अहो, काटा काढलात ना?”

“काढला,” घड्याळजी म्हणाले. एवढं एक तरी खरं होतं.

“शाबास! कुठल्या चाकात होता?”

घड्याळजींच्या हातातला चिमटा खाली पडला.

“चा… चाकात?”

“मागच्या डाव्याच ना? मला परवापासून टकटक ऐकू येतेय. बोट फिरवलं तर काटा लागला हाताला, चांगला जाड. म्हटलं, साहेबांच्या समोर हवा गेली तर नाक कापलं जायचं. हॅलो? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग गप्प का?”

“काटा,” घड्याळजी म्हणाले, “बराच खोल गेला होता.”

“असेल. बरं, सकाळच्या बसनं मी थेट पावणेनऊला घरी पोचते. गाडी तयार ठेवा. आणि ऐका, तुम्ही स्वतःहून एवढं केलंत, बरं वाटलं मला.”

या शेवटच्या वाक्यानंतर घड्याळजी बराच वेळ फोन कानाला लावून उभे राहिले. मॅडमनी फोन ठेवून दिला होता. बायकोनं ओरडलेलं सोसता येतं, त्याची वर्षानुवर्षांची सवय असते. कौतुकाची सवय नसते.

“काय म्हणाली?” सासूबाईंनी विचारलं.

“काटा चाकातला होता.”

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसतायत की हळहळतायत ते पदरामुळे कळलं नाही. पदराचा तोच उपयोग असतो. “म्हणजे मीटरला काही झालंच नव्हतं?”

“नव्हतं.”

“अन् आता झालंय.”

“झालंय.”

“उठा मग,” त्या म्हणाल्या. “निदान सांगितलेलं काम तरी करू.”

मागच्या डाव्या चाकात काटा होता. चांगला दणकट, टायरच्या दोन खाचांच्या मधोमध, मुक्कामाला आल्यासारखा. घड्याळजी गुडघ्यावर बसले, डोळ्याला भिंग लावलं, सगळ्यात नाजूक चिमट्यानं तो धरला आणि जराही न हलवता सरळ बाहेर ओढला. काम इतकं सफाईचं झालं की त्यांना क्षणभर समाधान वाटलं. मग चाकानं लांब उसासा टाकला. हवा आजवर त्या काट्यानंच अडवून धरली होती. घड्याळजींनी भोकावर अंगठा दाबला.

“आई! आता?”

“किती वेळ दाबून धरता येईल?”

“का?”

“नाही, उद्या नऊपर्यंत धरायचा असेल तर उशी आणते.”

शेवटी चाक बदललं ते सासूबाईंनीच. मॅडम प्रत्येक विद्यार्थ्याला चाक बदलायला शिकवत. घड्याळजींचा त्या धड्यापर्यंत नंबरच लागला नव्हता. सासूबाईंनी जॅक लावला, पान्यावर उभ्या राहून एकेक नट सैल केला, आणि घड्याळजींनी ते नट घड्याळाच्या सुट्या भागांच्या वाटीत आकारानुसार ओळीनं लावले. सगळे एकाच आकाराचे होते. पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

दिवस मावळायच्या आत मीटर पुन्हा, तिसऱ्यांदा, टेबलावर आला. गोंद सोडवायचा होता. मॅडमच्या खणातून घड्याळजींनी नखांचा रंग काढायचं पाणी आणलं. कापसाचा बोळा, त्यावर एक थेंब, तो थेंब काट्याच्या मुळाशी. गोंद विरघळला. काटा हलला. घड्याळजींनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. तेवढ्या वेळात तो थेंब पुढे निघाला. आधी नव्वद गेले, मग शंभर आणि एकशे दहा एकमेकांत मिसळले, ऐंशी वाहत वाहत तिसावर आले. ते पुसायला म्हणून घड्याळजींनी बोळा फिरवला आणि डोळे उघडून नीट बघितलं तेव्हा तबकडीवर एकही आकडा शिल्लक नव्हता. नुसता काळा चंद्र, आणि त्यावर एक काटा.

ते खुर्चीत मागे टेकले. आयुष्यभर लोकांच्या घरातली वेळ त्यांनी बरोबर ठेवली होती. कुणाची परीक्षा, कुणाची गाडी, कुणाचं लग्न त्यांच्यामुळे वेळेवर झालं होतं, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. आता एक दिवस घरच्या माणसाच्या उपयोगी पडायचं ठरवलं, तर सकाळपासून त्यांनी एका चांगल्या मीटरचा, एका चांगल्या चाकाचा आणि एका चांगल्या बायकोचा घात केला होता. उद्या साहेब येतील, तबकडी बघतील, परवाना जाईल. मॅडम काही बोलणार नाहीत. ते सगळ्यात वाईट.

“असे बसू नका,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “तुम्हाला आकडे काढता येतात ना?”

“येतात.”

“मग काढा. गोळ्या माझ्या मी घेते.”

घड्याळजींच्या पेटीत तबकड्यांसाठीचा पांढरा रंग होता आणि एक केसाची कुंचली होती. त्यांनी शून्य काढलं, मग दहा, वीस, तीस. दोन आकड्यांमधलं अंतर त्यांनी मोजून घेतलं होतं. हात थरथरत नव्हता. या कामात तो कधीच थरथरला नव्हता. चाळीस, पन्नास आणि अगदी माथ्यावर साठ. तिथे त्यांनी कुंचली ठेवली, मान मोकळी केली, पाणी प्यायले आणि उरलेली बाजूही पूर्ण केली. रंग वाळल्यावर काटा खुंटीला टेकवून घट्ट बसवला. सासूबाईंनी गाडी गल्लीतून फिरवली: काटा उठला, वीसपर्यंत गेला, परत आला.

“झकास,” सासूबाई म्हणाल्या. घड्याळजी त्या दिवशी जेवले.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मॅडम पिशवी घेऊन रिक्षातून उतरल्या आणि पाठोपाठ साहेबांची गाडी लागली. साहेब उंच, शांत आणि फायलीला घट्ट धरून चालणारे. त्यांनी दिवे बघितले, आरसे बघितले, चाकं बघितली, मॅडमच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक दाबून बघितला. “आता शिकवून दाखवा,” ते म्हणाले. “शिकाऊ विद्यार्थी कुठंय?”

विद्यार्थिनी म्हणजे चौकातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा तेवढ्यात निरोप आला. त्यांचा दात दुखत होता.

“विद्यार्थ्याशिवाय तपासणी होत नाही,” साहेबांनी फाइल मिटायला घेतली. “पुढची तारीख सहा महिन्यांनी.”

मॅडमनी अंगणात नजर फिरवली. सासूबाईंकडे पक्का परवाना होता. त्या घरात शिकाऊ असा एकच माणूस होता आणि तो कुंडीमागे उभा होता.

“अहो, बसा,” मॅडम म्हणाल्या.

घड्याळजी स्टिअरिंगमागे बसले. मॅडम शेजारी, साहेब मागे. पट्टा लावून घड्याळजींनी समोर बघितलं, आणि काल भिंगातून एकेक करून काढलेले आकडे त्यांना आज पहिल्यांदा एकदम सगळे दिसले. शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ. आणि साठच्या पुढे पाच. मग दहा. पंधरा, वीस, पंचवीस, आणि तळाला, शेवटी, तीस. चाळीस वर्षं या हातानं माथ्यावरच्या साठनंतर दुसरं काही लिहिलंच नव्हतं. पाणी पिऊन आल्यावर त्यानं डोक्याला विचारलंही नसणार.

“क्लच,” मॅडम म्हणाल्या. “अहो, क्लच. तो ब्रेक. हां. हळू सोडा. हळू म्हणजे हळू!”

गाडी दोन बेडूकउड्या मारून रस्त्याला लागली. घड्याळजींनी छातीनं मीटर झाकायचा प्रयत्न केला.

“सरळ बसा. स्टिअरिंगला मिठी काय मारताय? रस्त्याकडे बघा. वेग किती आहे?”

घड्याळजींनी बघितलं. घाबरलं की माणूस आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो. “तीसला दोन कमी,” ते म्हणाले.

“काय?” मागून साहेब.

“अठ्ठावीस, साहेब,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी मीटर बघितला नव्हता. इंजिनच्या आवाजावरून त्यांना कळे. पण साहेब आवाजावर विसंबणारे नव्हते. ते दोन सीटच्या मधून पुढे झुकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत राहिले. एक अख्खा रस्ता संपला तरी बघतच होते.

“मॅडम, गाडी बाजूला घ्यायला सांगा.”

गाडी बाजूला थांबली. कुठे थांबली ते घड्याळजींना कळलं नाही. त्यांना फक्त आपला श्वास ऐकू येत होता.

“इथं साठच्या पुढे पाच लिहिलंय,” साहेब म्हणाले.

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा मीटर बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. सेकंदकाटा अर्धा फेरा करेल इतका वेळ बघितलं. मॅडमच्या कानाची पाळी लाल झाली, आणि मग हळूहळू परत पांढरी झाली.

“आहेच साहेब,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम करून घेतलंय.”

“मुद्दाम?”

“साठपर्यंत वेग दाखवायचा. साठच्या पुढे शिकाऊ माणसाला वेग दाखवून उपयोग नसतो, त्याचं लक्ष नसतं. तिथून त्याचं वय दाखवतो.”

“वय?”

“साठ ओलांडले की माणसाची अक्कल पाच वर्षांच्या पोराइतकी होते. दामटलं की दहा. आणखी दामटलं की पंधरा.”

साहेबांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. “आणि पुढे वीस, पंचवीस…”

“तिथपर्यंत पोचत नाहीत, साहेब,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

समोरून एक मोटरसायकल भरधाव गेली आणि तिघांनीही मान वळवून तिच्याकडे बघितलं. साहेब मागे सरकले. फायलीत त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

“हे काम कुणी केलं?”

“आमच्या यांनी.”

“अक्षर फार सुंदर आहे,” साहेब म्हणाले आणि सही केली.

साहेब गेल्यावर मॅडमनी फाटक लावलं, पिशवी उचलली आणि पायरीवर थांबल्या. घड्याळजी अजून गाडीतच होते.

“अहो, काटा म्हणजे चाकातला हो!”

“कळलं.”

“कधी कळलं?”

“काल, चारच्या सुमाराला. मग तोही काढला.”

“आणि मला सांगितलं नाहीत!”

“तू कौतुक केलंस ना,” घड्याळजी म्हणाले. “मग सांगता येईना.”

मॅडम आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून दोघी मायलेकींच्या हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ थांबेना, आणि घड्याळजींना वाटलं, चला, संपलं एकदाचं.

तीन आठवड्यांनी परिपत्रक निघालं. खात्याच्या हद्दीतल्या सर्व शिकाऊ वाहनांना ‘वय-वेग तबकडी’ एक महिन्याच्या आत बसवून घेणे सक्तीचे. नमुना सोबत जोडला आहे. काम मान्यताप्राप्त कारागिराकडूनच करून घ्यावे. मान्यताप्राप्त कारागीर एकच होता.

सोमवारी घड्याळजींनी दुकान उघडलं तर पायरीवर अकरा माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकेक मीटर होता. सगळे मीटर चांगले चालणारे. घड्याळजींनी पहिला उघडला. पुन्हा घोटाळा होऊ नये म्हणून हिशेबानं, जपून, एकेक आकडा मनाशी म्हणत तबकडी रंगवली. पाच वेळा तपासली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोच मीटर घेऊन दुकानात शिरलं, आणि त्यानं तो टेबलावर आपटलाच.

“हे काय करून ठेवलंय? साठच्या पुढे सत्तर!”

घड्याळजींनी भिंग लावून बघितलं. खरंच सत्तर होते. “पण मग बरोबरच आहे की,” ते म्हणाले.

“बरोबर तर आधीचं होतं! बरोबर करायला कुणी तुमच्याकडे आलंय का? साहेबांनी गाडी परत पाठवली माझी.”

घड्याळजींनी बोळा ओला केला आणि कधीही न थरथरणारा आपला हात दुसऱ्या हातानं धरून सत्तर पुसायला घेतले. गिऱ्हाईक टेबलावर वाकलं.

“आणि यावेळी चूक जरा काटेकोर करा,” ते म्हणालं.